निघामामांचं मोकळं मैदान

माझं शिलाईचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. मशीन मी दाराकडे तोंड करून ठेवलंय, त्यामुळे हात कापडावर आणि डोळे रस्त्यावर अशी माझी जन्माची सवय. फाटकात काय चाललंय ते मला शाळेच्या मोठ्या बाईंच्या आधी कळतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. भोचक नसते तर निघामामांची हकिकत सांगायला कुणी उरलं नसतं, कारण ते स्वतः तोंडातून अवाक्षर काढणारे नव्हेत.

निघामामा म्हणजे शाळेचे शिपाई. शाळेत शिपायाला सगळे मामाच म्हणतात, आणि या मामांच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा. शाळा सुटली, निघा. कट्ट्यावर टेकलात, निघा. चेंडू आत गेलाय, मग उद्या बघू, आता निघा. पोरांनी दोन शब्द जोडले आणि बारसं उरकून टाकलं. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना पाण्यात पाहाल. हेकट होता. मैदान शाळेचं, पण जीव यांचा त्यात अडकलेला. सकाळी पोरं यायच्या आत सगळं मैदान झाडून, पाणी मारून धूळ बसवायचे. खेळांच्या स्पर्धा आल्या की दोरी ताणून फक्की मारायला बसायचे, आणि ती पांढरी रेघ इतकी सरळ यायची की तिच्यावर पाय द्यायला पोरंसुद्धा कचरायची. शाळा सुटली की फाटकाला कुलूप. मग कुलूप ओढून बघायचं, दोन पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढून बघायचं. या कुलपावर वस्तीतल्या दोन पिढ्या दातओठ खात मोठ्या झाल्या.

मैदानाच्या कोपऱ्यात शाळेनं त्यांना एक खोली दिलेली आहे. दार गल्लीत, आणि मैदानाकडे फक्त एक खिडकी. तिथे ते आणि मामी राहतात. मामी माझ्या दुकानाचं काज-बटणाचं काम करायची. बोलायला तिखट, हसायला मोकळी. नवऱ्याच्या कुलपावरून ती मला म्हणायची, "तिजोरीत नाही दमडी आणि पहारा बघा." तिचा हात बोलता बोलता चालायचा आणि बटण मात्र जागच्या जागी बसायचं.

मग तिला झटका आला. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायची वेळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाचं काम औषध करील, पण रोज सपाट जमिनीवर चालायला हवं, नाहीतर पाय चालणं विसरेल आणि मग अंथरूण कायमचं. आता आमची गल्ली तुम्ही पाहिलेली नाही. तिथे धडधाकट माणूस चालतो तोच नशिबानं. गटाराच्या झाकणांचे कोपरे वर आलेले, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, आणि मधून स्कूटरवाले असे सुटतात की जणू घराला आग लागलीय. मामी एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि मग घराबाहेर पडायचंच तिनं सोडलं. खिडकीच्या पलीकडे एवढं मैदान पसरलेलं आणि चालायला जागा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा कुलपात होता आणि किल्ली नवऱ्याच्या कमरेला.

तिनं त्यांना विचारलं नव्हतं असं नाही. मीही बोलले होते. मामांचं उत्तर दगडावरची रेघ. मैदान शाळेचं आहे. आज घरच्या माणसाला सोडलं तर उद्या वस्तीला कोणत्या तोंडानं अडवू? त्यांना तिची काळजी नव्हती म्हणावं तर तेही खोटं. तिचे पाय ते रोज तेल लावून चोळायचे, भाजी चिरायचे, तिची वेणीसुद्धा घालायचे, वाकडी का होईना. पण कुलपाची गोष्ट निघाली की ऐकायचेच नाहीत.

अशात मैदानाला सरकारी पैसा मंजूर झाला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या गणवेशाची मापं ठरवायला दुकानात आल्या होत्या तेव्हा त्यांनीच मला सगळं समजावलं. योजना अशी होती की पैसा जनतेचा, तर मैदानही जनतेचं. शाळा भरलेली असताना ते पोरांचं, आणि शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशीही, आजूबाजूच्या सगळ्यांचं. पैसे दोन हप्त्यांत मिळणार होते. पहिल्यात जमीन सपाट करून रोलर फिरवायचा आणि पडकी भिंत बांधायची. वस्ती खरंच मैदान वापरते की नाही हे योजनेचे साहेब स्वतः येऊन बघणार आणि मगच दुसरा हप्ता सुटणार. त्यातून कडेनं चालायची पक्की वाट, वाटेला धरायला कठडा, चार बाकं आणि दिवे.

कठडा हा शब्द ऐकला आणि मी तशीच उठून मामीला सांगायला गेले. तिनं मला तीनदा विचारलं, "धरून चालता येईल ना गं? पुरता गोल असेल ना? मध्येच संपणार नाही ना?" मी म्हटलं, पुरता गोल. मग तिनं पलंगाखालून बूट काढून घेतले आणि उजव्या हातानं एक एक करून पुसले.

रोलर फिरला, भिंत झाली, मैदान ताटासारखं सपाट झालं. आता मामांना नवी पद्धत सांगायची होती. ते काम मोठ्या बाईंनी प्रवेशाच्या गर्दीत, एका पालकाशी बोलता बोलता उरकलं. म्हणाल्या, "मामा, आजपासून शाळा सुटली की मैदान मोकळं ठेवायचं. वरून आदेश आहे."

मामांनी विचारलं, "पूर्ण मोकळं?"

"पूर्ण मोकळं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पालकाकडे वळल्या.

आता चूक कुणाची म्हणायची ते तुम्हीच सांगा. आपल्या भाषेत मोकळं म्हणजे खुलं, आणि मोकळं म्हणजे रिकामंही. मामांच्या फाटकावर ते नोकरीला लागल्यापासून पाटी आहे, 'फाटकासमोरील जागा मोकळी ठेवावी', आणि तिचा अर्थ आजवर एकच होता, की इथे कुणी टेकायचं नाही. एवढा सपाट केलेला नवा कोरा पृष्ठभाग, त्यावर वरून आदेश. त्यांना वाटलं, शेवटी सरकारलाही कळलं.

त्या दिवसापासून जी शिस्त सुरू झाली तिच्यापुढे आधीची काहीच नाही. पूर्वी शाळा सुटल्यावर मास्तर मंडळी जरा वेळ चेंडू खेळायची, तीही बंद. भिंतीवर बसलेली कबुतरं मामा काठी आपटून उडवायचे.

आणि पहिल्याच संध्याकाळी मामी आली. आजपासून मैदान सगळ्यांना खुलं, हे मीच तिला सांगितलं होतं. गल्लीतून भिंतीला धरत धरत, पुसलेले बूट घालून ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा तिचा चेहरा घामानं डवरलेला आणि असा खुललेला, की मी मशीन थांबवलं. शाळा नुकतीच सुटलेली, फाटकात पालकांची गर्दी. मामांनी तिला पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मोकळं ठेवायचा आदेश आलाय. कुणालाही आत सोडायचं नाही. निघ."

मामी वळली. वळायलाच तिला बराच वेळ लागला, कारण एक पाय वळायला तयार नव्हता, आणि तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत उभे होते. मी धावत जाऊन तिला घरी पोचवलं. परत येऊन मामांना जाब विचारला तर पुन्हा तेच, वरून आदेश. मी मनात म्हटलं, सरकारी काम, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. आमच्या भांडणात मोकळं हा शब्द दोघांनीही वापरला आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटलं.

मग एका संध्याकाळी साहेब न सांगता आले. तरुण, शांत, पायी आलेले. फाटकाला कुलूप, आत शुकशुकाट. मामांना त्यांची ओळख पटली तशी त्यांनी पाय जुळवून सलाम ठोकला आणि अभिमानानं सांगितलं, "साहेब, चिटपाखरू नाही आत. सांगितलं होतं तसं एकदम मोकळं ठेवलंय."

साहेबांनी गजांमधून आत बघितलं. "हो," ते म्हणाले, "खरंच मोकळं आहे." आणि निघून गेले. मामा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन, आणि म्हणाले, साहेब खूश झाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी कळवलं होतं की वस्ती मैदान वापरतच नाही, तेव्हा दुसरा हप्ता रांगेतल्या दुसऱ्या शाळेला द्यावा लागेल. बाईंनी गयावया केली तेव्हा महिनाअखेरीस एकदा बघून जाईन म्हणाले, माणूस भला. त्या भेटीत मैदान वापरात दिसलं तर वाट, कठडा, दिवे सगळं होईल. नाहीतर नाही, आणि मग दिव्यावाचून, वाटेवाचून संध्याकाळी फाटक उघडं ठेवायला शाळेची समिती तयार होणार नाही. म्हणजे पुन्हा कुलूप. बाईंनी फाटकात येऊन मामांना सांगितलं, "अहो, मोकळं म्हणजे खुलं. सगळ्यांसाठी."

मामा म्हणाले, "तर मग खुलं म्हणायचं होतं, बाई."

घरी जाऊन त्यांनी मामीला खरं ते सांगितलं. मामी एवढंच म्हणाली की म्हणजे मला फुकट हाकललंत. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं. मीठ द्या, दार लावा, बस. माझ्याजवळ मात्र ती रडली. पाय आणखी जड झाला होता. अंथरुणातून उठताना आता तिला दोनदा प्रयत्न करावा लागे. ती म्हणाली, कठडा गेला तर मी गेले समज.

इथून पुढे मामांवर जी वेळ आली ती त्यांच्या शत्रूवरही यायला नको. ज्यांना हाकलण्यात हयात घालवली त्यांच्या दारोदार ते आमंत्रण करत फिरले. काठी घरी ठेवून, टोपी हातात घेऊन. लोकांनीही हात धुऊन घेतले. कुणी म्हणालं, आम्ही निघालोय मामा, नंतर या. सुतारानं तर दारातच अडवलं. त्याचा लहानपणचा चेंडू मैदानात गेला होता. आधी तो द्या, मग येतो. आता हा सुतार दोन लेकरांचा बाप. पण मामा गंभीर माणूस. ते परत गेले, शाळेच्या अडगळीतून पोतं काढलं आणि त्यात वर्षानुवर्षं जमलेले चेंडू नळाखाली धुऊन, वाळवून घरोघर वाटले. फेकून एकही दिला नव्हता. सुताराला त्याचा मिळाला की दुसऱ्याच कुणाचा, देव जाणे, पण चेंडू घेताना तो एकदम ओशाळला.

लोक हसले, चेंडू घेतले, येतो म्हणाले. आले कुणीच नाही. फाटक सताड उघडं असायचं आणि माणसं तिथवर येऊन, आत नजर टाकून, पुढे निघून जायची. मोठ्या बाईंनी 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावली, तरी तेच. महिना सरत चालला होता. मामांचं जेवण सुटलं. शेवटी ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, लोकांना एवढा राग आहे का हो माझा?

मी मुलाहिजा ठेवणारी नाही. मी त्यांना मशीनमागे बोलावलं, माझ्या जागी बसवलं आणि म्हटलं, "आता समोर बघा. काय दिसतं?"

"फाटक."

"आणि फाटकात रोज कोण उभं असतं? पाय फाकवून, छाती काढून, गळ्यात शिट्टी? मामा, फाटक उघडलंत, पण दारात कुलूप तसंच आहे. तुम्ही तिथून हला."

ते म्हणाले, फाटकात नाही तर मी उभा कुठे राहू? आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दिवशी मला त्या पिळाची दया आली. मी म्हटलं, मामीला घेऊन मैदानात चाला. कठडा होईल तेव्हा होईल, तोवर तुमचा हात आहे.

त्यांनी मामीला विचारलं तेव्हा मी भाजी द्यायच्या निमित्तानं तिथेच होते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मुद्दामच गेले होते. मामीनं मान हलवली. मला नाही यायचं, तुमचं मैदान तुमच्याजवळ ठेवा. मामा बिचारे उभे. त्यांनी पायाची आठवण दिली, डॉक्टरांचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. मामी खिडकीकडे तोंड करून बसून राहिली. मग तशीच, न वळता म्हणाली, "हाकललंत ते चारचौघांत हाकललंत. बोलवायचं तर चारचौघांत बोलवा. घरात कोपऱ्यात येऊन नाही."

आता हे मामांच्या दृष्टीनं पर्वत उचलण्याइतकं होतं. घराबाहेर त्यांनी बायकोला कधी हाक मारलेली नव्हती. रस्त्यात भेटली तरी ते खाकरायचे आणि ती समजून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. फाटकात पालक, पोरं, भाजीवाली, सुतारसुद्धा. मामांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. मैदान ओलांडून ते आपल्या खोलीच्या खिडकीखाली गेले. एकदा खाकरले. खिडकीत मामी दिसत होती, पण तिनं ते खाकरणं ऐकलंच नाही असं दाखवलं. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि एवढ्या मोठ्यानं, की माझ्या दुकानापर्यंत आलं, हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का. त्या दिवशी माझं चुकलं. ये ना, फिरायला ये."

फाटकातली सगळी माणसं वळून बघायला लागली. खिडकीतून मामी दिसेनाशी झाली. मामा धावत गल्लीत गेले आणि बऱ्याच वेळानं ती दोघं फाटकातून आत आली, तिचा चांगला हात यांच्या दंडाला. गर्दी आपोआप बाजूला झाली. मी दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या मागे गेले. माझ्या मागून भाजीवाली आली. मग सुताराची पोरं चेंडू घेऊन घुसली, आणि पोरं घुसल्यावर मोठ्यांना आवरायचं कुणी? फाटकात अडवायला कुणी नव्हतंच.

साहेब आले तेव्हा हे रोजचं झालं होतं. एकीकडे मुलींची लंगडी, एकीकडे म्हाताऱ्यांचा गप्पांचा घोळका, मध्ये चेंडू. मोठ्या बाई साहेबांना फाटकात घेऊन उभ्या होत्या आणि मामांना हातानं बोलावत होत्या, या, लवकर या. मामांनी पाहिलं. पण तेव्हाच मामीचा पाय दमला. मैदानाच्या अगदी मधोमध ती थांबली आणि हळूहळू खाली बसली. बाई हात हलवत राहिल्या. मामा गेले नाहीत. तेही तिच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले. मी मागून येत होते, मी मामीच्या दुसऱ्या बाजूला टेकले.

साहेबांनी शिपाई कुठे म्हणून विचारलं तेव्हा बाईंनी आमच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, त्यांना बसू द्या. कठड्याचं काम पुढच्याच महिन्यात सुरू करा, असं ते बाईंना सांगून गेले. हे आम्हाला नंतर कळलं.

आम्हाला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. मामी समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"आपलं घर इथून आज नीट बघितलं मी," ती म्हणाली. "एवढंसं दिसतं."

"खिडकीचा रंग उडालाय," मामा म्हणाले. "द्यायला हवा."

"तुम्हाला तर इथून रोज दिसत होतं," मामी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आत मी होते."

मामांनी तिचा लुळा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, दोन्ही हातांत धरला, आणि फाटकाकडे पाठ करून तसेच बसून राहिले.